बसऱ्याला निघालेल्या मित्रास

सातारा,
रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "आता दोन वर्षं बसऱ्याला", आणि मी गप्प झालो. तुला वाटलं रेंज गेली. मग वहिनींच्या गुडघ्याचं निघालं, मुलांचं निघालं आणि माझं सांगायचं राहून गेलं. तसंही ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इतक्या वर्षांनी कागद घेऊन बसलो आहे.

लोकांना इराकातलं बसरा म्हटलं की मोती आठवतात. तुझ्या लग्नात मावशी नथ दाखवत म्हणाल्या होत्या, "अस्सल बसऱ्याचे आहेत हो." तेव्हाही मला आमची म्हातारी आठवली होती. आमच्या घरात बसरा म्हणजे गेलेल्या माणसाला परत न पाठवणारं गाव. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ धोंडी १०३ नंबरच्या मराठा पलटणीत शिपाई होता. १९१४ च्या थंडीत गेला तो गेलाच. त्याची बायको आमच्या माजघरात १९८० पर्यंत होती. मी तेव्हा सातवीत होतो. अख्खं गाव तिला 'बसऱ्याची म्हातारी' म्हणायचं. तिचं नाव सीता होतं हे मला तिच्या तेराव्याला कळलं.

आमच्या चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी तू पाहिलेली आहेस. दहावीच्या सुट्टीत आपण तिच्याखाली बसून पत्ते कुटायचो. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. गेलेल्यांचा आकडा अजून वाचता येतो. मेलेल्यांचा चुन्याचे हात बसून बसून बुजला आहे.

तू तेलासाठी चालला आहेस. धोंडीही तेलासाठीच गेला होता, फक्त त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत आपण पाठ केलं की साराजेव्होत २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली गेली, मग करारमदार, मग एकेक देश युद्धात उतरला. ते खरंच आहे. पण साराजेव्होच्या गोळीचा साताऱ्याच्या पोराशी काय संबंध, हे गुरुजींनी सांगितलं नाही आणि मास्तर झाल्यावर मीही बरीच वर्षं सांगितलं नाही. इंग्रजांचं आरमार तेव्हा कोळसा सोडून तेलावर येत होतं. इराणात १९०८ साली तेल लागलं होतं, ते शुद्ध करायचा कारखाना अबादानला, म्हणजे तू राहणार आहेस तिथून जवळच, शत्त-अल-अरबच्या काठी. १९१४ साली इंग्रज सरकारने त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले. नदीच्या अल्याड बसरा होतं, तुर्कांच्या ताब्यात. आता तारखा बघ. हिंदुस्थानातून फौजेची जहाजं १६ ऑक्टोबरला निघाली. तुर्कस्तान युद्धात उतरलं ऑक्टोबर संपता संपता आणि इंग्लंडने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारलं ५ नोव्हेंबरला. म्हणजे शत्रू ठरायच्या आधीच आपली माणसं जहाजात बसलेली होती. ही तारखांची गंमत नाही अविनाश. मला ती कळली त्या रात्री झोप लागली नाही.

त्या फौजेचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. नोव्हेंबर सरायच्या आत बसरा पडलं. तेल राखायचं तर काम तिथेच संपलं होतं. पण सोपा विजय मिळाला की पुढचं गाव खुणावतं. जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरमध्ये कूत, आणि मग साहेबांना बगदाद दिसायला लागलं. पुढे जाणाऱ्या फौजेचा प्रमुख टाउनशेंड. इतक्या कमी माणसांवर बगदाद गाठणं धोक्याचं आहे, हे त्याला स्वतःलाही वाटत होतं. वरचा सेनापती निक्सन ऐकेना. होड्या कमी, औषधं कमी, रसद पाचशे मैल नदीतून यायची, तरी निघाले. बगदादच्या अलीकडे टेसिफोनला, त्या जुन्या इराणी बादशहाच्या कमानीजवळ, नोव्हेंबरात गाठ पडली. जवळपास एकतृतीयांश माणसं मेली किंवा जखमी झाली.

जखमींचं काय झालं ते सांगायला हात जड होतो, पण सांगतो. त्यांना 'मेजिदिये' नावाच्या आगबोटीवर आणि तिला बांधलेल्या पडावांवर दाटीवाटीने निजवून बसऱ्याला आणलं. वाटेत तेरा दिवस गेले. उठवायला माणूस नाही, धुवायला पाणी नाही. बसऱ्याच्या धक्क्यावर कार्टर नावाचा डॉक्टर इस्पितळाच्या जहाजावर होता. त्याला लांबून वाटलं की बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती विष्ठा होती, वाळून लोंबणारी. त्याने हे लिहून कळवलं, तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ साली अहवाल आला, लंडनमध्ये भारतमंत्री चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. कार्टरने तोंड बंद ठेवलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

उरलेली फौज मागे हटत कूतला आली. तैग्रिस नदीच्या वळणात अडकलेलं ते गाव, तीन बाजूंना पाणी. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा. जवळजवळ पाच महिने. धोंडी तिथे होता, आणि त्याच्याबरोबर आमच्याच आळीतला रामजीही. रामजी परत आला म्हणून आम्हाला काही कळलं.

रामजीने घरच्यांना जे सांगितलं त्यात जात्याची गोष्ट होती. गावात धान्य सापडलं, पण दळायचं कशात? तेव्हा विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या. म्हातारी मला हे पुन्हा पुन्हा सांगायची, जातं आभाळातून पडलं म्हणून. मला ती परीकथा वाटायची. मोठेपणी वाचलं आणि शब्दन् शब्द खरा निघाला. पुढे एप्रिलमध्ये पिठाची पोतीही विमानातून टाकली, पण हजारो तोंडं आणि मूठभर विमानं, काय पुरणार?

मग घोडे कापायला लागले. गोऱ्या शिपायांनी खाल्ले. आपल्यातल्या कित्येकांनी खाल्ले नाहीत. हिंदुस्थानातून धर्मगुरूंकडून बिनतारी संदेश मागवले की संकटात चालतं, खा. तरी पुष्कळ जण खाईनात. परत गेल्यावर गावात पंगतीला घेतील का, ही भीती. आपल्या शिपायांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग झाला, हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. माळावरचा पाला खुडून भाजी करायचे. मार्चमध्ये धोंडी गेला. गोळीने नाही, उपासाने. रामजी त्याला म्हणाला होता, "आरं, खा की, मी न्हाई सांगत गावात." धोंडीने तोंड फिरवलं. म्हातारी हे सांगताना थांबायची आणि म्हणायची, "खाल्लं असतं तर म्या काय न्हाई म्हनले असते व्हय?" तिला दुसरं काही विचारायचं नव्हतं. रामजी परतल्यापासून साठेक वर्षं तिने हा एकच प्रश्न घेऊन काढली.

सोडवायला आलेली फौज नदीकाठच्या चिखलात चार महिने डोकं आपटत राहिली. आत तेरा हजार माणसं, आणि त्यांना सोडवताना बाहेर तेवीस हजार मेले किंवा घायाळ झाले. शेवटी वाटाघाटीला काही अधिकारी पाठवले, त्यात पुढे अरबस्तानात गाजलेला लॉरेन्सही होता. वीस लाख पौंड देऊ करून पाहिले. तुर्कांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

त्यानंतर वाळवंटातून पायी. बगदाद, सामर्रा, मोसुल, रास-अल-ऐन. बूट नाहीत, पाणी नाही, मागे पडला त्याला चाबूक. जे पोचले त्यातल्या अनेकांना बर्लिन-बगदाद रेल्वेच्या बोगद्यांवर जुंपलं. हजारो गेले. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिला, आणि कैदेत असतानाच त्याला 'सर' केलं. आपल्या शिपायांची त्याने पुरेशी चौकशी केली नाही, याचा मला आजही राग येतो. रामजी १९१९ मध्ये घरी आला तेव्हा त्याच्या आईने त्याला ओळखलं नाही.

बगदाद पडलं ११ मार्च १९१७ ला. जनरल मॉड याने जाहीरनामा काढला, आम्ही जिंकायला नाही, मुक्त करायला आलो आहोत. पुढे त्याच वर्षी तो पटकीने मेला. युद्धाच्या अगदी शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, शरकात या गावी ११४ मराठा पलटण लढली, आणि दुसऱ्या दिवशी तुर्कांशी युद्धविराम झाला. एक दिवस आधी तो झाला असता तर किती घरं वाचली असती, हा हिशेब मी करू नये म्हणतो, पण होतो. आणि मुक्तीचं काय झालं? १९२० साली इटलीतल्या सान रेमोच्या परिषदेत इराक इंग्रजांच्या पदरात टाकला. त्याच उन्हाळ्यात लोक उठले, तर ते बंड मोडायला पुन्हा आपल्याकडच्याच पलटणी नेल्या. १९२१ मध्ये फैसल नावाच्या अरब अमिराला गादीवर बसवलं. १९३२ पर्यंत तिथे आपला रुपया चालायचा, हे तुला माहीत होतं का? तिथल्या म्हाताऱ्यांच्या पेटीत अजून एखादा सापडेल.

इकडे काय मिळालं? जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद भरवली. टिळक स्वराज्याबद्दल बोलायला लागताच त्यांना अडवलं, ते सभा सोडून निघून गेले. त्याच महिन्यात मुंबई बंदरात मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझा, उतरला. घरटी प्रेतं निघाली, आमच्या पणजोबांची दोन मुलं एका आठवड्यात गेली. पुढच्या वर्षी रौलट कायदा आणि जालियनवाला. महार समाजाची भरती इंग्रजांनी आधीच बंद केली होती. माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो. आमच्या गावातून त्या पलटणीत गेलेलेही चावडीवरच्या त्याच आकड्यात मोजलेले आहेत.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते.

बसऱ्याहून नासिरियाला जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे ३२ किलोमीटरवर, एक स्मारक आहे. १९२९ साली ते बसऱ्याजवळ माकिलला बांधलं होतं. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने उचलून वाळवंटात नेलं. ज्यांच्या थडग्याचा पत्ता नाही अशा ४० हजारांहून जास्त माणसांसाठी ते आहे. गोऱ्या शिपायाचं नाव तिथे कोरलेलं आहे. आपल्यातल्या अधिकाऱ्याचंही. पण हिंदी शिपायांचं, नाईक-हवालदारांचं नाव नाही. पलटणीचं नाव आणि खाली 'आणखी इतके शिपाई'. चावडीवर आकडा, तिथेही आकडा. २०२१ मध्ये या स्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने ही वागणूक भेदभावाची होती हे कबूल करून माफी मागितली. बरं झालं. पण म्हातारी जाऊन तोवर एक्केचाळीस वर्षं झाली होती.

तुझ्या कंपनीच्या लोकांना तिथे जाऊ देत असतील, आणि धोका नसेल तरच, तू एकदा जा. १०३ मराठा पलटणीची पट्टी शोध. तिच्यासमोर उभा राहून नाव मोठ्याने घे: धोंडी. फुलं नकोत, नारळ नको. नाव तेवढं घे.

नाव कसं घ्यायचं ते विचारशील म्हणून एक गोष्ट सांगतो. युद्धानंतर मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने काशाची एक गोल ताटली पाठवली होती, साधारण अर्धी वीत रुंद. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली एक बाई आणि पायाशी सिंह. ती ब्रिटानिया. म्हातारीला ती भवानी वाटली. तिने ताटली देव्हाऱ्यात ठेवली आणि रोज हळदकुंकू वाहिलं, साठ वर्षं. काठाला उठावाची अक्षरं होती, ती कुंकवाने पार बुजून गेली. ती काय आहेत हे तिला वाचता येत नव्हतं, आणि आम्हाला कधी सुचलं नाही.

परवा तुझा फोन ठेवल्यावर मी ती ताटली काढली. चिंच लावून तासभर घासली. सिंहाच्या वरच्या चौकटीत नाव निघालं. पलटण नाही, हुद्दा नाही, फक्त नाव. इंग्रज कारकुनाने स्पेलिंग चुकवलं आहे, पण वाचता येतं. फोटो सोबत पाठवतो आहे. मोठा करून बघ, म्हणजे तिथे उभा राहिल्यावर अडखळणार नाहीस.

वहिनींना नमस्कार. पोचलास की कळव.

तुझाच,
विठ्ठल