फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद) चढावर गाडी धाडधाड करते, तीनदा वर्कशॉपला ठेवूनही आवाज तसाच

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,

सर, माझी डबल कॅब पिकअप तीनदा तुमच्याकडे ठेवून झाली, आता लिहूनच देतो. काउंटरवर कितीही समजावून सांगा, जॉबकार्डवर "फोर बाय फोर नॉइज, चेक करणे" एवढंच उतरतं आणि मग आतली पोरं त्यांना जे सुचेल ते बदलून मोकळी होतात.

आधी एक लक्षात घ्या, आवाज दोन आहेत. पहिला म्हणजे पहिल्या गियरमधून रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून एकदाच "टक्क" होतं, टू-हायमध्येही (फक्त मागच्या चाकांना ताकद) होतं आणि फोर-हायमध्येही. त्याचं मला फार टेन्शन नाही. मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) स्लिप जॉइंट, म्हणजे सरकता जोड, कोरडा पडला असेल नाहीतर क्रॉस, म्हणजे वाकता जोड, ढिला झाला असेल, शाफ्ट हाताने पिळून बघितला की कळतं. पण तेवढंही कोणी केलं नाही, बिलात ग्रीसिंग लावलंय आणि ग्रीस भरायच्या निप्पलवर वाळलेला चिखल जसाच्या तसा, मी स्वतः खाली झोपून बोटाने खरवडून बघितला.

खरी तक्रार दुसऱ्या आवाजाची. फोर-हायमध्ये, मागे माल भरलेला, कच्चा रस्ता, सरळ चढ, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की धाड, परत धाड, गाडी पुढे हिसका मारते आणि गियर लिव्हरच्या बाजूची फ्लोअर तळपायाला हादरते. पाय काढला की गप्प. टू-हायला टाकली की काहीच नाही. एवढं सगळं मी प्रत्येक वेळी सांगितलंय, तरी तुमची टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीने, सपाट डांबरी रस्त्यावर, टू-हायमध्ये. मग आवाज कुठून येणार?

पहिल्या वेळी पुढचा डावा अ‍ॅक्सल बदलला. सर, त्यातला सीव्ही जॉइंट (चाक वळताना वाकणारा जोड) गेला की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट करतो, माझा आवाज तर सरळ चालताना येतो. दुसऱ्या वेळी व्हील बेअरिंग. बेअरिंगची घरघर असते, ती स्पीडबरोबर वाढते आणि गाडी डावी-उजवी झुलवली की कमीजास्त होते, असे धक्के देत नाही. दोन्हीचे पैसे मी भरले. तिसऱ्या वेळी अ‍ॅडव्हायझर म्हणाले, "फोर बाय फोरला असं होतंच सर, तुम्ही वापरत नका जाऊ." म्हणजे शोपीस म्हणून ठेवू का?

होतंच हे अर्धं खरं आहे, ते मलाही माहितीये. या गाडीत मध्ये डिफरेंशियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गियर) नाही, फोर-हायला पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र लॉक होतो, म्हणून कोरड्या डांबरावर वळवलं की गाडी अडकल्यासारखी होते आणि टायर घासतात. एकदा पाऊस थांबल्यावर मी चार-पाच किलोमीटर डांबरावर तशीच फोर-हायमध्ये चालवली, चूक माझी, मान्य. लिव्हर निघेना तेव्हा थोडी रिव्हर्स घेऊन काढला. पण मोकळ्या खडीवर टायर घसरून तो ताण सुटायला पाहिजे, आणि सरळ चढावर धाडधाड तर व्हायलाच नको.

आता टायरचं. मागच्या सर्व्हिसला तुम्हीच मागचे दोन नवीन टाकले, पुढचे जुने झिजलेलेच ठेवले. मी विचारलं होतं, उत्तर मिळालं "चालतंय". धाडधाड त्यानंतरच चालू झाली. रविवारी मी टायरवर खडूची खूण करून, गाडी ढकलत एक पूर्ण फेरा मारून टेपने मोजलं. मागचा एका फेऱ्यात २३९ सेंटिमीटर जातो, पुढचा २३५. चार सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही वाटतं ना? हिशोब करा, एका किलोमीटरला पुढच्या चाकाला सातेक फेरे जास्त मारायला लागतात आणि लॉक झालेला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा डबा) ते मारू देत नाही, सगळा ओढा आतल्या चेनवर.

चेन ताणून दात सोडायला लागली की लोडवर असाच धाड आवाज येतो. शेजारच्या ट्रकवाल्या काकांनी दाखवलं, म्हणून फोर-हायला टाकून, हँडब्रेक ओढून, पुढची चाकं जॅकवर उचलून पुढचा शाफ्ट हाताने फिरवला, तर पकडायच्या आधी अंगठ्याच्या रुंदीएवढा मोकळा फिरतो. मागचा एवढा फिरत नाही. चेनच आहे अशी पैज मी लावत नाही, मागच्या डिफरेंशियलचा प्लेही (ढिलेपणा) त्यात असेल, पण ट्रान्सफर केस उघडल्याशिवाय हा विषय संपणार नाही.

तर यावेळी ट्रान्सफर केसचं ऑइल माझ्यासमोर काढा, ड्रेन प्लगच्या मॅग्नेटला किती चुरा लागलाय तो मला बघू द्या, मग केस उघडून चेन तपासा. पुढचे टायर मागच्यांच्या मापाचे टाका. आणि गरज नसताना बदललेला अ‍ॅक्सल आणि बेअरिंग, दोन्हीचे पैसे परत करा. जुने पार्ट मागितले होते तर "स्क्रॅपला गेले" म्हणाले, यावेळी एकही पार्ट मला दाखवल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो, मागे वाळूच्या गोण्या भरूनच. टेस्ट ड्राइव्हला मी बाजूला बसणार, चढ मी दाखवतो.

आपला,
एक वैतागलेला गिऱ्हाईक