कॅमेरा आईकडेच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1 जुलै 2025 पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा, म्हणजे टीएचआर, घेण्यासाठी गरोदर आणि स्तनदा मातांना सेविकेच्या फोनमधल्या 'पोषण ट्रॅकर' या अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर चेहरा दाखवावा लागतो. आधी आधारची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणे, त्यासाठी मोबाईलवर ओटीपी, मग फोटो. पुढे शिधा घेताना पुन्हा तोच चेहरा जुळवायचा. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाचा शिधा असेल तर आईचा किंवा पालकाचा चेहरा. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. ही अट काढून टाकावी, असे माझे ठाम मत आहे.

ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. आदिवासी पाड्यांत आणि ऊसतोडीच्या गावांत तो नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो, आणि फोन त्याच्याबरोबर फडावर किंवा वीटभट्टीवर गेलेला असतो. कधी रिचार्ज संपून तो नंबरच बंद पडलेला असतो. सुरगाणा, धडगाव, अक्कलकुवा, मेळघाट या भागांत रेंजसाठी सेविकेला टेकाडावर जावे लागते, आणि चेहरा टेकाडावर नेता येत नाही, तो अंगणवाडीत बसलेला असतो. मग "उद्या या" म्हणायची वेळ येते. कडेवर मूल घेऊन आलेल्या बाईची एका दिवसाची मजुरी त्यात जाते. दुसऱ्यांदा ती येईलच, असे कुणी गृहीत धरू नये.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या महिन्यात लेक माहेरी येते. नाव सासरच्या अंगणवाडीत, माणूस माहेरच्या. माहेरच्या सेविकेला ती समोर दिसते, किती महिने झाले तेही दिसते. तिने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की फोनवर? ज्या महिन्यांत बाईला आहाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तेव्हाच हे अडथळे वाढतात.

सेविका त्याच गावची असते. कोण गरोदर आहे, कुणाचे बाळ वजनात मागे आहे, कोण कामासाठी गाव सोडून गेले, हे तिला तोंडपाठ असते. आणि तिने तंत्रज्ञान नाकारलेले नाही. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, कारण ते सारखे बंद पडत होते आणि ॲप इंग्रजीत होते. त्यांची मागणी चांगल्या फोनची आणि मराठी ॲपची होती. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज मोबाईलवर भरून देण्यातही याच बाया पुढे होत्या. सेविकेचा वेळ आता बाळाचे वजन-उंची नीट घेण्यात, कमी वजनाच्या मुलाच्या घरी जाण्यात जायला हवा. तो चेहरे जुळवण्यात जातो आहे.

सरकार म्हणते, शिध्याला गळती आहे, बोगस नावे आहेत. गळती आहे, हे मीही म्हणते. पण ती कुठे होते? 7 ऑक्टोबर 2004 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत, गावातले बचत गट आणि महिला मंडळे यांना प्राधान्य द्या, असे सांगितले. त्याच न्यायालयाला 2019 मध्ये महाराष्ट्राची टीएचआर पुरवठ्याची 2016 ची निविदाप्रक्रिया रद्द करावी लागली, कारण तिच्या अटी खऱ्याखुऱ्या बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या. म्हणजे मोठा घोळ वर होता, कोट्यवधींच्या कंत्राटांत. आणि कॅमेरा लावला तो साखळीच्या शेवटच्या टोकाला, शिध्याचे पाकीट घ्यायला आलेल्या आईसमोर! गोदामातून किती माल निघाला, कोणत्या दर्जाचा निघाला, अंगणवाडीत कधी उतरला, हे पाड्यावरच्या बाईला कोणत्या ॲपवर दिसते?

फोटोने चोरी थांबते, यालाही पुरावा नाही. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी एनएमएमएस ॲपवर फोटो काढून घेतली जाते. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केले की, फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जाते, कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात. उपाय म्हणून सांगितले काय, तर माणसांनी पुन्हा तपासणी करावी.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा त्यानुसार प्रत्येक मातेचा हक्क आहे. हक्काचे धान्य किंवा आहार मिळाला नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही त्यात आहे. चेहरा जुळला नाही म्हणून रिकाम्या हाताने परतलेल्या बाईला हा भत्ता कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाच्या आधारवरील 2018 च्या निकालात, आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, असे म्हटले आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून ई-केवायसी होत नव्हती. त्या प्रकरणात 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांच्या आवाक्यात असणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पर्यायी पद्धती ठेवायला सांगितले.

गावोगावी इंटरनेटची केबल पोचवण्याची योजना 2011 ची, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पण ती केबल ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत जाते. पाड्यावरची अंगणवाडी तिथून डोंगर चढून पुढे असते, आणि ही अट घालताना तेवढे अंतर कुणीच मोजलेले दिसत नाही. नेट आधी अंगणवाडीपर्यंत आणा. मालाची गाडी निघाली की मातांना मराठीत, पावरीत, कोरकूत आवाजी निरोप जाऊ द्या. बाळाच्या वाढीचा आलेख आईला तिच्या फोनवर पाहू द्या. असे तंत्रज्ञान आले तर मी स्वतः पाड्यावर जाऊन ते शिकवायला तयार आहे.

अट काढायला वेळ लागणार असेल, तर निदान तोवर शिधा आधी द्यावा, फोटो नंतर घ्यावा. चेहरा किंवा ओटीपी जुळला नाही तर सेविकेने वहीत नोंद करून, सही-अंगठा घेऊन शिधा त्याच दिवशी द्यायचा, असा लेखी आदेश महिला व बालविकास विभागाने काढून तो प्रत्येक अंगणवाडीच्या दारावर लावावा. आणि जुलै 2025 पासून किती मातांचा, किती बाळांचा शिधा केवळ या कारणाने राहिला, तो आकडा प्रकल्पवार जाहीर करावा.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, नाशिक