केशकर्तन करणाऱ्या बाईंचा वर्ग

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला रोझा पार्क्स यांच्यावरचा लेख आवडला. मात्र दिवसभराच्या शिवणकामाने थकलेली कृष्णवर्णीय बाई बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागची उठली नाही, एवढ्यावरच तो संपला. पार्क्स अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखेचं चिटणीसपद सांभाळत होत्या. बसमधला तो प्रसंग १ डिसेंबर १९५५ चा. त्याच्या काही महिने आधी त्या टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण केंद्रातल्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. ते शिबिर घेणाऱ्यांत होत्या दक्षिण कॅरोलिनातल्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क. लेखात त्यांचं नावही नाही.

पुढच्याच वर्षी दक्षिण कॅरोलिनाने सरकारी नोकरांना ‘एनएएसीपी’चं सभासद राहायला बंदी केली. क्लार्कबाईंनी सभासदत्व लपवलं नाही, सोडलं नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेलं. या बंदीविरुद्ध उभं राहा म्हणून त्यांनी सातशेहून जास्त कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रं पाठवली होती. उत्तरं आली २६. गप्प बसलेल्यांना मी नावं ठेवणार नाही. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला सही करताना काय वाटतं, हे मी जिल्हा परिषदेच्या नोकरीत पाहिलं आहे.

म्हणूनच क्लार्कबाईंचं पुढचं पाऊल मला फार हुशारीचं वाटतं. तेव्हा मतदार यादीत नाव घालायचं तर त्या राज्याच्या घटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. त्यासाठी जानेवारी १९५७ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्याच जॉन्स बेटावर प्रौढांचा वर्ग सुरू झाला. पुढे किराणा दुकान, मागच्या खोलीत वर्ग. गोऱ्यांना संशय नको. शिकवायला नेमल्या बर्निस रॉबिन्सन. त्या शिक्षिका नव्हत्या, केशकर्तन करायच्या. गिऱ्हाईक सगळं आपल्याच लोकांतलं, त्यामुळे त्यांना कामावरून काढणार कोण? पहिल्या दिवशी त्यांनी लहान मुलांची पुस्तकं बाजूला ठेवली आणि तुम्हाला काय वाचायचंय, असं विचारलं. कुणाला बायबल, कुणाला मुलाचं पत्र, कुणाला टपालाने सामान मागवायचा फॉर्म. वर्ग त्यावरच चालला.

आमच्याकडे नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाचे रात्रीचे वर्ग मी घेतले. बायका म्हणायच्या, ‘बाई, सातबारा वाचायला शिकवा, माझं नाव त्यात आहे का ते बघायचंय.’ आम्हाला मात्र प्रवेशिका (साक्षरता वर्गाचं ठरलेलं पुस्तक) पूर्ण झाल्याचा अहवाल वर पाठवायचा असे. सातबारा शिकवायचा तर आधी तलाठ्याला राग, मग सासरच्यांना. (भाऊबंदांचं तर विचारूच नका.)

जॉन्स बेटावरची ती पद्धत १९६१ पासून मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने दक्षिणेत पसरवली. क्लार्कबाईंचं पेन्शन सुरू व्हायला १९७६ साल उजाडलं.

येत्या ५ सप्टेंबरला पुरस्कारांच्या यादीशेजारी रॉबिन्सनबाईंसाठी अर्धा रकाना ठेवता आला, तर पाहावं.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कणकवली