यांचीही पत्रं आली

ती. आई व ती. बाबांना सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तुझ्या त्या कागदांच्या खोक्यांचं काय करायचं? आमच्याच्यानं ती आता हलवत नाहीत." नंतर सांगते म्हणाले आणि विषय टाळला. फोनवर दोन वाक्यांत सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

खोक्यांत फॅनझिन आहेत. विज्ञानकथांच्या वाचकांनी स्वतः लिहून, स्वतः छापून एकमेकांना पोस्टानं धाडलेले अंक. बाबा, तुम्ही एकदा विचारलं होतंत, "याचे पैसे किती मिळतात?" मी गप्प बसले होते. काहीच मिळत नाहीत, एवढंच सांगितलं असतं तर ते अर्धं उत्तर झालं असतं. बऱ्याच फॅनझिनवर किमतीच्या जागी 'नेहमीप्रमाणे' असं छापलेलं असतं. म्हणजे अंक हवा असेल तर संपादकाला पत्र लिहायचं, नाहीतर लेख किंवा चित्र पाठवायचं, नाहीतर बदल्यात आपला अंक द्यायचा. पत्र हीच वर्गणी.

मुळात हे सगळं सुरूच झालं पत्रांमधून. ह्यूगो गर्न्सबॅक या अमेरिकन संपादकांनी १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढलं आणि त्यात वाचकांच्या पत्रांबरोबर त्यांचे पत्तेही छापले. मग वाचक मासिकाला सोडून थेट एकमेकांना लिहू लागले. १९३० मधलं 'द कॉमेट' हे पहिलं फॅनझिन मानतात, आणि 'फॅनझिन' हा शब्द मात्र १९४० मध्ये रसेल शोव्हने यांनी घडवला. दहा वर्षं माणसं हे काम करत होती आणि त्याला आजचं नावसुद्धा नव्हतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आई, माझ्या खोलीतून रात्री नेलपॉलिशसारखा वास यायचा म्हणून तू उठून बघायला यायचीस, आठवतं? सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर टाइप करताना चूक झाली की ती बुजवायच्या द्रवाचा तो वास. फॅनमंडळी त्याला 'कॉरफ्लू' म्हणतात, 'करेक्शन फ्लुइड'चं लघुरूप. १९८४ पासून खास फॅनझिनवाल्यांचं एक कन्व्हेन्शन, म्हणजे संमेलन, भरतं, त्याचं नावही 'कॉरफ्लू'च आहे.

आणि माझ्या पहिल्या कन्व्हेन्शनसाठी तू शिवलेला तो हिरवा झगा! पहिलं जागतिक कन्व्हेन्शन १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला भरलं, तेव्हा फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन फॅन भविष्यकाळातले कपडे घालून गेले होते. दोघांचे पोशाख मर्टलनं केले होते. बरीच वर्षं कौतुक झालं ते अॅकरमन यांचं. हे वाचलं तेव्हा तुझं मशीन आठवलं. झग्याला बक्षीस मिळालं हे मी घरी येऊन सांगितलं, पण व्यासपीठावर तुझं नाव घेतलं नव्हतं. ते घ्यायला हवं होतं.

तिथं काय असतं, असं तू विचारायचीस. व्याख्यानं असतात, परिसंवाद असतात, पण मी जाते ती माणसांसाठी. जिन्यात कुणीतरी समोर येतं, नजर त्याच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे जाते आणि कळतं की चार वर्षं आपण याच माणसाशी कागदावर भांडतो आहोत. चेहरा अनोळखी असतो. पण त्याच्या आईचं आजारपण, त्याची नोकरी सुटल्याचं, त्याला कुठली कथा का आवडली नाही, हे सगळं आपल्याला माहीत असतं. मग पहाटेपर्यंत तिथेच पायरीवर बसून बोलणं होतं. १९५२ मध्ये बेलफास्टच्या वॉल्ट विलिस या फॅनझिनवाल्याला शिकागोच्या कन्व्हेन्शनला आणायला फॅननी वर्गणी जमवली होती. त्यातल्या अनेकांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. त्याचं लेखन तेवढं वाचलं होतं. पुढच्या वर्षी त्यातूनच ट्रान्सअटलांटिक फॅन फंड, म्हणजे समुद्रापलीकडच्या फॅनना कन्व्हेन्शनला आणायचा निधी, उभा राहिला. अमेरिकेतल्या हेगर्सटाउनचे फॅन हॅरी वॉर्नर तर कन्व्हेन्शनला क्वचितच जायचे, पण हाती पडेल त्या फॅनझिनला अभिप्रायाचं पत्र लिहायचे. नवख्या संपादकासाठी तेवढं एक पत्र पुरे असतं.

म्हणून ती खोकी रद्दीत नकोत. उचलूही नका, पुढच्या महिन्यात मी येते. काही अंक स्कॅन करून जुनी फॅनझिन जपणाऱ्या स्वयंसेवकांना द्यायचे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या ग्रंथालयात असे अंक पुस्तकांइतकेच जपून ठेवतात.

आता जे सांगायचं म्हणून पत्र लिहायला घेतलं, ते. बाबा, माझ्या तिसऱ्या अंकात चंद्रावरच्या वसाहतीवर लेख होता. तिथल्या खिडकीतून रोज पृथ्वी उगवताना दिसेल, असं मी लिहिलं होतं. तुम्ही शेजारच्या खोलीत राहत असूनही तिकीट लावून मला पत्र टाकलंत. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते, त्यामुळे तिथून पृथ्वी उगवत नाही की मावळत नाही. आकाशात जवळजवळ एकाच जागी राहते आणि तिच्या कला तेवढ्या बदलतात. दोन पानं, सोबत आकृती. ज्यांची पत्रं छापता येत नाहीत त्यांची नुसती नावं आम्ही शेवटी देतो, 'यांचीही पत्रं आली' म्हणून. मी तुमचं नाव त्या यादीत टाकलं. जागा होती, बाबा. वडिलांनी काढलेली चूक छापणं मला जड गेलं.

ते पत्र मी जपून ठेवलं आहे, तिसऱ्या खोक्यात, निळ्या फायलीत. नव्या अंकात ते आकृतीसह पूर्ण छापायचं आहे, खाली माझी दुरुस्ती देऊन. तुमची परवानगी हवी. अंक दोघांनाही पाठवते, नेहमीप्रमाणे.

तुमची,
लेक