बीडहून मंजूला पत्र

शिरूर कासार, जि. बीड
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय मंजू,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्याचं उत्तर अंगठ्याने टाइप करण्यासारखं नव्हतं, म्हणून वही घेऊन बसले.

तुझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंबद्दल तू जे लिहिलंस त्यातली कळकळ मला पोचली. चार लेकरं, नवरा अंथरुणाला खिळलेला, बचत गटाचे हप्ते थकलेले. "दोनावर थांबल्या असत्या तर ही वेळ आली नसती. शेवटी आपलं सगळं दुखणं लोकसंख्येपाशीच येतं," असं तू म्हणतेस. मंजू, मी जिथे शिकवते तिथे मला दिसतं ते याच्या उलट आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या शाळेच्या पटावर बहुतेक घरांतली दोन, फार तर तीन लेकरं आहेत. आया तेवीस-चोवीस वर्षांच्या असतात आणि त्यांचं मुलं बंद करायचं ऑपरेशन कधीच होऊन गेलेलं असतं. राज्याचं चित्रही हेच आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला आणि देशाचा २.०. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून निघायला २.१ पुरतो. म्हणजे मुलं कमी होऊ द्यायचं काम बायांनी करून दाखवलंय. त्याच पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानाने खुजी भरली. त्याआधीच्या पाहणीत ती चौतीस होती. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांमधला रक्तक्षय तर ४८ टक्क्यांवरून ५४ वर गेला. घरात खाणारी तोंडं कमी झाली, तरी ताटात आणि अंगात फरक पडला नाही. मग गरिबीचं मूळ मुलांच्या संख्येत कसं शोधायचं?

मी इथे रोज बघते ते सांगते. दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावातून ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकापर्यंत. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याला अर्धीच उचल, म्हणून पोराचं लग्न हंगामाआधी उरकायची घाई असते. पोरीच्या घरचं कारण वेगळं. आईबाप सहा महिने उसाच्या फडावर, घरी थकलेली आजी, आणि पोर तेरा-चौदाची. तिला मागे ठेवायची भीती वाटते, आणि फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, न्यायची त्याहून जास्त. लग्न लावून दिलं की त्यांना जबाबदारी उतरल्यासारखी वाटते. या आईबापांना मी वाईट म्हणू शकत नाही गं. त्यांच्यापुढे दुसरी वाट कुणी ठेवलेलीच नाही. त्या पाहणीतच बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याची सरासरी २२ आहे.

आता तूच हिशोब कर, तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं. सतराव्या वर्षी आई होणाऱ्या घराण्यात शंभर वर्षांत सहा पिढ्या होतात, पंचविसाव्या वर्षी आई होणाऱ्यात चार. दोन्हीकडे मुलं दोनच धरली, तरी एकाच वेळी हयात असलेली माणसं कुठे जास्त असतील? लोकसंख्येची ज्याला खरी काळजी आहे त्याने पोरीला बारावीपर्यंत शाळेत ठेवायची धडपड करावी. संख्येचाही प्रश्न त्यातूनच सुटतो.

पण आपण शाळेवर भर देण्याऐवजी धाक दाखवत आलो. १९७६ साली आणीबाणीत आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. पुढे नियम आला की १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही. तिसरं मूल हवं की नको हे त्या घरात बाईला कोण विचारतं? सरपंचपद मात्र तिचं जातं. या सगळ्याच्या जोडीला घराघरात मुलाचा हट्ट तसाच राहिला, आणि 'दोनच, पण त्यात एक तरी मुलगा' हे सोनोग्राफीच्या यंत्राने जमवून दिलं. २००१ मध्ये आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७ राहिल्या. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पटावरच्या मुली मोजत बसले होते. कुटुंब लहान झालं ते इतकी किंमत देऊन.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा बाईचं शरीर तिच्या मर्जीचं असावं यासाठी ते भांडत होते. त्यापायी नोकरी गेली तरी भांडत राहिले. शंभर वर्षांनी आमच्या भागात साधनं सगळी पोचली आहेत, मर्जी अजून पोचायची आहे.

मुलं आपोआप कमी कधी होतात, हे मला पुस्तकांपेक्षा जामखेडने जास्त शिकवलं. आमच्या पाटोदा-आष्टीला लागूनच तो तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले तेव्हा लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं, दवाखाना नंतर. त्यांनी गावातल्याच बाया निवडून त्यांना आरोग्याचं काम शिकवलं. कित्येक जणी दलित वस्तीतल्या, अक्षरओळख नसलेल्या. त्यांनी जुलाब झालेल्या लेकरांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं, बाळंतपणं सांभाळली, लसी टोचून घ्यायला लावल्या. जन्मलेलं लेकरू जगतं असा भरवसा आल्यावर बाया आपण होऊन ऑपरेशनला तयार झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेच नवजात बाळांबाबत केलं. १९८८ मध्ये तिथे हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत दगावायची. गावातलीच बाई शिकून घरोघरी जाऊ लागली, बाळाचं वजन, ताप, श्वास बघू लागली, आणि पंधराएक वर्षांत तो आकडा तीसच्या घरात आला. आज आमच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या फेऱ्या मारतात, त्यांचा उगम तिथे आहे.

फडावर मात्र ही फेरी पोचत नाही. गरोदर बाई सातव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. तिचा अंगणवाडीचा शिधा गावातल्या नावावर आणि ती चारशे किलोमीटरवर. खाडा झाला की दंड, म्हणून बाळंतीण झाली तरी थोड्याच दिवसांत कोयता हातात. बाळ कमी वजनाचं जन्मतं, अर्धं वर्ष शाळेबाहेर वाढतं आणि सोळाव्या वर्षी त्याच्यासाठीही उचल येते. ही साखळी जोडणाऱ्या कडीवर लेकरांची संख्या कुठेच लिहिलेली नाही, मंजू. तिथे आईचं वय, आईचं रक्त आणि चुकलेले वर्ग आहेत.

ऊसतोड बायांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायचं तू टीव्हीवर ऐकलं असशील. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जायचं, पोट दुखायचं, फडावर ना आडोसा ना पाणी. डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली की बाई टेबलावर. त्यासाठी पुन्हा उसनवारी, ती फेडायला पुन्हा उचल. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तिशीतच कंबर धरून चालते. तिला मुलं दोनच आहेत.

काय उपयोगी पडतं तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल मी नुसतं रडगाणं लावलंय. हंगामी वसतिगृह चाललं की लेकरं आजीजवळ राहतात, शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं आणि वर्ग चुकत नाहीत. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास मिळतो. ज्या वस्तीवर गाडी वेळेवर येते तिथल्या मुली दहावी गाठतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीच्या घरी मुख्याध्यापक, आशाताई आणि मी असे तिघं जाऊन बसलो होतो. खूप वेळ बोलणं झालं. शेवटी तिच्या मावशीने तिला ठेवून घेतलं. ती आठवीत आहे, विज्ञानात पुढे आहे, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो.

आता तुझ्या ताईंबद्दल. नवऱ्याचं दुखणं नेमकं काय आहे ते आधी विचारून घे. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. दवाखान्यात या योजनेची मदत करणारा आरोग्यमित्र असतो, त्याला तू स्वतः जाऊन भेट, त्या एकट्या गेल्या तर खिडकीवरूनच परत येतील. त्यांचंही हिमोग्लोबिन तपासून घे. आणि थोरली नववीत आहे म्हणालीस ना, तिला आईच्या बदली कामाला पाठवू लागल्या तर तू नको म्हण. तेवढे दिवस भांडी तशीच राहू देत, पगार कापू नकोस. दहावीच्या पुस्तकांचं माझ्याकडे लाव, इथून जुनी चांगली पुस्तकं पाठवते.

या आठवड्यात घरोघरी फिरून वसतिगृहाची यादी पुरी करायची आहे, पहिले ट्रॅक्टर निघायच्या आत. फोन केलास तर रात्री नऊनंतर कर.

तुझीच,
शालू