सिस्टर, तुम्ही आधी विचारता

प्रिय सिस्टर,

दर बुधवारी संध्याकाळी पुलाखाली, रस्त्यावर राहणाऱ्या पोरांच्या जखमा बघायला येता, त्याबद्दल आभार. पण त्याहून जास्त आभार तुमच्या "हात लावू का?" या प्रश्नाचे. पोर नाही म्हणालं की तुम्ही खरोखर थांबता, पेटी उघडी ठेवून बाजूला बसता. अंगावर येणारा हात मारायला नाहीतर पकडायला येतो, एवढंच ज्यांना माहीत, ती पोरं थोड्या वेळाने आपणच पाय पुढे करतात. मुलाचं मत ऐकून त्याला वजन द्यावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं कलम 12 सांगतं. ते ड्रेसिंगच्या वेळीही लागू होतं, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही.

कुत्रा चावल्यावरची तुमची शिस्त आम्ही जशीच्या तशी उचलली आहे. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. दोन मिनिटांत सगळेच कंटाळतात. घट्ट पट्टी नाही. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) हवं, त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना. दंडात द्यायची लस, जागतिक आरोग्य संघटनेच्या चार डोसांच्या वेळापत्रकाप्रमाणे, 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 या दिवशी आणि शेवटचा डोस 14 ते 28 दिवसांच्या मध्ये.

गाडं अडतं ते तिसऱ्या डोसनंतर. जखम भरलेली दिसते, दुखत नाही, तोवर टोळकं दुसरीकडे सरकलेलं असतं आणि लशीचं कार्ड पावसात भिजून लगदा. तुम्ही कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत दिलंत, दुसरी प्रत आमच्या वहीत ठेवलीत आणि पुढची तारीख मुलाने स्वतः निवडलेल्या एका दोस्ताला सांगितलीत. दोस्त कोण, हे मुलानेच ठरवायचं, नाहीतर खाजगी गोष्ट टोळकंभर होते. पायाच्या पट्टीवर जुना मोजा चढवायची युक्तीही झकास. चप्पल नसली तरी पट्टी दिवसभर टिकते.

आणखी एक. गोंद हुंगून आलेल्या पोराला "आधी शुद्धीवर ये" म्हणून तुम्ही परत पाठवलं नाहीत. श्वास, बोलणं, चालणं तपासलंत, कुशीवर झोपवून शेजारी बसून राहिलात, आणि जखमेचं काम त्याला हो-नाही नीट सांगता येईपर्यंत थांबवलंत. फोटो मागणाऱ्या पाहुण्यांनाही तुम्हीच परतवलंत. ते आम्हाला कधी धड जमलं नव्हतं, खरं सांगतो.

पुढच्या बुधवारी गॉज आणि साबण आम्ही आणतो. मोजे मात्र लहान मापाचे हवेत, मोठे घसरतात.

तुमचे,
पुलाखालच्या कामातले सगळे