ऑटोमिक्स लावून डीजे जेवायला गेला

मा. संपादक,

रविवारच्या पत्रांत एका वाचकाने लिहिलंय की हल्लीचे डीजे म्हणजे नुसते बटणं दाबणारे, सिंक दाबलं की सॉफ्टवेअर दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवतं, झालं, पूर्वी कानाने बीट जुळवायचे तीच खरी कला. मी पंचवीस वर्षं फोंडा आणि आसपास लग्नांचे साउंड केलेत, कॅसेटवरही केलेत आणि लॅपटॉपवरही, म्हणून राहवलं नाही.

निदान गोव्यात तरी बीट जुळवण्याला एवढं डोक्यावर घेऊ नका हो. हणजुणेच्या ज्या पार्ट्यांमुळे गोवा ट्रान्स हे इलेक्ट्रॉनिक संगीताचं नाव जगभर गेलं, तिथे नव्वदच्या दशकात डॅट टेपवर, म्हणजे डिजिटल कॅसेटवर, वाजवायचे, आणि त्या मशीनला डीजेच्या टर्नटेबलसारखी स्पीड कमीजास्त करायची पट्टी नसायची, म्हणजे बीट जुळवायचा प्रश्नच नाही. २०२३ मध्ये गेला तो डीजे गोवा गिल याच डॅटवाल्यांपैकी. एक गाणं विरत आलं की त्यावर दुसरं अलगद आणायचं, बस्स. तरी माणसं उजाडेपर्यंत नाचायची, कारण मध्यरात्री काय लावायचं आणि सूर्य वर येताना काय, हे वाजवणाऱ्याला कळत होतं.

त्यामुळे सॉफ्टवेअर बीट जुळवतंय तर जुळवू दे, मी स्वतः सिंक वापरतो आणि लाजत नाही. एक कान हेडफोनमध्ये, एक बाहेर, पट्टी इकडे तिकडे सरकवत दोन ठोके एकमेकांवर बसवायचे, यात माझं अर्धं लक्ष जायचं आणि समोर कोण नाचतंय कोण बसलंय हे बघायचंच राहायचं. स्वराचंही तेच. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याला नंबर देतं, ८ए वाजत असेल तर पुढे ७ए, ९ए नाहीतर ८बी घे म्हणतं. यात जादू काही नाही, आमच्या जत्रेच्या नाटकातला पेटीवाला ज्याला षड्ज-पंचम म्हणतो तेच ८ए आणि ९ए चं नातं.

पण हे सगळं सरळ चार ठोक्यांच्या, कंप्युटरवर बनवलेल्या गाण्यांना. जुनी हिंदी गाणी लावून बघा. अख्खा ऑर्केस्ट्रा एकत्र बसून वाजवायचा, अंतऱ्याला लय कणभर चढायची, सॉफ्टवेअरने आखलेल्या रेघा तिसऱ्या मिनिटाला ठोक्यावरून घसरतात आणि दोन ढोल भांडायला लागतात. आमचं दुलपद, म्हणजे गोव्याचं नाचाचं गाणं, तर सहा मात्रांचं. त्याला चारच्या चौकटीत कोंबलं की एक चाक लहान असलेल्या गाड्यासारखं चालतं. घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीचं रेकॉर्डिंगही मी एकदा हौसेने टाकून बघितलं होतं, बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, दर वेळी वेगळाच दाखवायचा, शेवटी नाद सोडला.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. डिसेंबरात मामेभावाच्या मुलाचं रिसेप्शन होतं, उघड्या लॉनवर, डीजे लॉनवाल्याच्या पॅकेजमध्येच. उघड्यावर दहाला स्पीकर बंद करावा लागतो, फोटो आणि भाषणं आटपून नाचायला नऊ वाजले, म्हणजे हातात एक तास, फार तर पंधरा-सोळा गाणी. डीजे पोरगा ऑटोमिक्स लावून, म्हणजे गाणी निवडायचं आणि जोडायचं काम सॉफ्टवेअरवर सोडून, बुफेच्या लायनीत. पहिली चार गाणी मस्त गेली, मीही मनात म्हटलं वा. मग नवरा-नवरी केक कापायला उभे राहिले आणि नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअरने पुढचं गाणं आणलं, बीट तीच, स्वर तोच, जोड इतकी गुळगुळीत की मला जन्मात जमली नसती, फक्त शब्द होते तू मला सोडून गेलीस आता जगून काय करू अशा अर्थाचे. रिमिक्स होतं, पोरं नाचतच राहिली. नवरीची आजी मात्र खुर्चीतून वळून म्हणाली, "हें कितें लायलां रे?" तो पोरगा प्लेट घेऊन धावला, उजवा हात सोलकढीने भरलेला, डाव्या हाताने आवाज कमी करायच्या नादात सगळंच बंद केलं. केक शांततेत कापला गेला.

मशीनला गाण्याचा वेग कळतो, स्वर कळतो, पण आजी कुठे बसलीय आणि सुरी कुणाच्या हातात आहे हे त्याला कोण सांगणार? शिवाय ते आत्ताच्या गाण्यासारखं पुढचं शोधतं, आणि लग्नात बऱ्याचदा उलटं हवं असतं. मित्रमंडळी दमली की १२८ बीपीएमवरून एकदम खाली उतरून काका-मावश्यांना उठवायचं, तिथे जोड तुटलेलीच बरी, लोकांना कळायला हवं की आता आपली पाळी.

सॉफ्टवेअरने गाणी सुचवण्याला माझा विरोध नाही हां. माझ्याकडे नऊ हजारांवर गाणी आहेत, सगळी कुणाच्या लक्षात राहतात? बाजूच्या यादीत कधी कधी असं काहीतरी दिसतं की अरे हे आपल्याकडे आहे विसरलोच होतो. पण माझ्या भाच्याने मागे एकदा तासभर त्या यादीतलंच पहिलं पहिलं लावलं, सगळी गाणी एकाच गाण्याच्या शेपटासारखी, लोक हळूहळू आइस्क्रीमकडे. यादी डोळ्यासमोर असली की मान वर होत नाही, हे मी स्वतःवरूनही सांगतो.

म्हणून हॉलवाले आणि लॉनवाले यांना एकच विनंती, पॅकेजच्या कागदावर डीजे लिहिता तिथे कन्सोलवर माणूस शेवटपर्यंत उभा असेल की नाही तेही लिहा, आणि त्या पोराला आधी जेवू घाला. मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे. मी लॉनवाल्याला हेच विचारलं, तो म्हणाला सिस्टम एकदम लेटेस्ट आहे.

– एक जुना साउंडवाला, फोंडा